प्रॉम्प्टर आणि कलम तीनशे सहा

जयपूरमधली मराठी माणसं वर्षातून एकदा, गणपतीत, मंडळाचं नाटक बघायची आणि त्यातलं प्रत्येक वाक्य दोनदा ऐकायची. आधी विंगेतून, मग रंगमंचावरून. याचं कारण आमचे प्रॉम्प्टर काका. काका मूळचे रत्नागिरीचे, रेल्वेतून निवृत्त होऊन जयपूरलाच राहिलेले. नट वाक्य विसरला की हळूच आठवण करून द्यायची, एवढंच खरं तर प्रॉम्प्टरचं काम. काका नट विसरण्याची वाट बघत बसायचे नाहीत. नटाने तोंड उघडायच्या आत विंगेतून खणखणीत आवाज यायचा, "आई, मी हे लग्न करणार नाही," आणि मग तो बिचारा आईकडे वळून तेच सांगायचा. खून कोणी केला हे लोकांना आधी विंगेतून कळायचं. सगळे समाधानाने पानसुपारी काढायचे आणि मग इन्स्पेक्टर येऊन शिळी बातमी द्यायचा.

प्रॉम्प्टरशिवाय चालण्यासारखंही नव्हतं. आमचे निम्मे नट म्हणजे बदलीवर आलेल्या बँकवाल्यांची, विमावाल्यांची, डॉक्टरांची मुलं. देवनागरी हिंदीच्या तासाला शिकलेली. घरी "आई, मतलब, भैया आला होता ना, तर" असं बोलणारी. त्यांच्या तोंडात "अंतःकरण" हा शब्द घालायचा तर बाजूला कोणीतरी उभं असावंच लागे.

मी ज्या वर्षाबद्दल लिहिते आहे तेव्हा लोक एकमेकांना मिस्ड कॉल देऊन बोलवायचे, आणि मी लॉच्या दुसऱ्या वर्षाला होते. त्या वर्षीचं नाटक मी लिहिलं होतं.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. आई सांगलीला स्त्रियांच्या संघटनेत होती, आणि आमच्या घरात पाहुण्यांना बसायला जागा नसली तरी पत्रकांच्या गठ्ठ्यांना होती. मी अक्षरं जुळवायला शिकले ती "बघता काय, सामील व्हा" वर. बाबांची विमा कंपनीतली बदली जयपूरला झाली, आम्ही तिलक नगरात राहायला आलो, आणि गठ्ठे दिवाणाखाली गेले. माझ्या डोक्यातले गठ्ठे उघडेच राहिले. त्यामुळे नाटक कशावर लिहायचं हा प्रश्न मला पडला नाही. पडदा उघडायच्या आधीच सून जीव देऊन गेलेली आहे. सासू आरोपीच्या पिंजऱ्यात आहे. सुनेच्या चिठ्ठीत सासूचं नाव आहे. न्यायाधीश निकाल वाचतात आणि सासू आत जाते. निकाल दोन पानांचा होता आणि त्यात समाजाला उद्देशून बरंच काही होतं.

बाबा मंडळाचे सचिव होते. मी त्यांना एकच अट घातली: माझं नाटक लोकांनी एकदाच ऐकायचं.

"म्हणजे?" बाबांनी विचारलं, पण त्यांना कळलं होतं.

"म्हणजे काकांना विंगेतून काढा."

"तू काढ."

"मी लेखिका आहे. सचिव तुम्ही आहात."

मंडळात बाकी सगळ्यांनाही तेच हवं होतं, फक्त सांगायला कोणी नको होतं. बैठक आमच्याच घरी झाली. पोहे खाऊन झाल्यावर बाबांनी चष्मा पुसला, परत पुसला, आणि म्हणाले, "काका, या वर्षी प्रॉम्प्टिंग बँकेतल्या त्या नव्या मुलाकडे द्यायचं ठरतंय. तुम्ही खूप केलंत. आता जरा आराम करा."

काकांनी बशी खाली ठेवली.

"बरं. काढा मला. मी जीव देतो. आणि जाताना तुझं नाव लिहून ठेवतो. नुसतं नाव नाही, सचिव म्हणून, पदासकट."

आणि ते उठून गेले. काकू त्यांच्या मागून उठल्या, दारात थांबून आईला म्हणाल्या, "पोह्यांत शेंगदाणे छान भाजलेत हो," आणि गेल्या.

मंडळी हसली. बाबा हसले नाहीत. बाबांची नोकरी मृत्यूच्या दाव्यांचे कागद तपासण्याची. बाकीच्यांना जी बोलण्याची पद्धत वाटते, तिचा बाबांना शिक्क्यासकट कागद दिसतो. शिवाय सरकारी कंपनीतला माणूस कोठडीत गेला की आधी निलंबन आणि मग चौकशी. सगळे गेल्यावर त्यांनी मला स्वयंपाकघरात गाठलं.

"कलम कुठलं?"

"तीनशे सहा," मी म्हटलं. परीक्षेत नेमकं तेच आलं होतं, त्यामुळे जरा उत्साहानेच म्हटलं. "आत्महत्येस प्रवृत्त करणं. दहा वर्षांपर्यंत कैद, आणि दंडही."

"वर्षं सांगायलाच हवी होती का?" आई म्हणाली.

बाबा ओट्याला टेकले. "तुझ्या नाटकात सासूचं नाव चिठ्ठीत आहे, म्हणून ती आत जाते. बरोबर?"

"बरोबर."

"आता माझं नाव चिठ्ठीत."

पत्रकात अशा जागी मोठ्या अक्षरांत एक घोषणा टाकता येते. स्वयंपाकघरात तशी सोय नसते.

आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर घरमालक राहायचे. ते फौजदारी वकील होते आणि रविवारी सकाळी अंगणात खुर्ची टाकून कचोरी खात बसायचे. पुढच्या रविवारी बाबा खाली गेले आणि बरोबर मला नेलं.

"वकीलसाहब, मेरे एक मित्र की प्रॉब्लेम है," बाबांनी सुरुवात केली.

"मित्र बीमा कंपनी में हैं?"

"हां."

"ऊपर वाली मंज़िल पे रहते हैं?"

बाबांनी मग सगळं सांगून टाकलं. वकीलसाहेबांनी कचोरी संपवली, हात पुसले आणि सांगायला लागले. त्यांचं म्हणणं असं की चिठ्ठीत नाव आलं म्हणजे गुन्हा झाला, असं नसतं. मरणाऱ्याने कोणाचंही नाव लिहावं, त्याला कोण अडवणार. गुन्हा व्हायला आधी माणसाने खरोखर जीव दिलेला असावा लागतो. मग दुसऱ्याने त्याला तीनपैकी एका मार्गाने तिथवर नेलेलं असावं लागतं: चिथावणी देऊन, कोणाबरोबर कट करून, किंवा जाणूनबुजून मदत करून. आणि या सगळ्याच्या मुळाशी इरादा हवा.

"आपने उनसे कहा कि मर जाइए?"

"नाही, नाही. मी आराम करा म्हटलं."

"मन में था कि ये मर जाएँ?"

बाबा विचार करायला लागले. जरा जास्तच वेळ करायला लागले.

"साहब, इसमें सोचना क्या है?"

"गेल्या वर्षी तिसऱ्या अंकात," बाबा प्रामाणिकपणे म्हणाले, "एकदा वाटलं होतं."

मी भाषांतर केलं. वकीलसाहेब म्हणाले, "वो इरादा नहीं है. वो समीक्षा है."

मग त्यांनी आणखी समजावलं. रागाच्या भरात तोंडातून गेलेला शब्द म्हणजे चिथावणी नव्हे, अगदी "जा मर" म्हटलं तरी तेवढ्यावर कोर्ट सहसा शिक्षा देत नाही. आरोपीने काहीतरी ठोस केलेलं असावं लागतं, ते मरणाच्या अगदी जवळचं असावं लागतं, आठ वर्षांपूर्वीचं भांडण चालत नाही. आणि ते असं असावं लागतं की त्या माणसाला दुसरा रस्ताच उरला नाही. नाटकातून काढलं तर माणूस रुसतो. कायदा चारचौघांसारख्या माणसाचा विचार करतो.

"आमचे काका चारचौघांसारखे नाहीत," बाबा म्हणाले.

आम्ही जिना चढून वर आलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की एवढ्या सगळ्यातलं बाबांच्या डोक्यात एकच वाक्य शिरलंय. दुसरा रस्ता उरता कामा नये, तर गुन्हा. म्हणजे रस्ते ठेवले की सुटका. दावे तपासायला लागण्यापूर्वी बाबांनी वर्षानुवर्षं विमा विकला होता. गिऱ्हाइकाला एक पॉलिसी नको असेल तर दुसरी, दुसरी नको तर तिसरी, हे त्यांच्या हाडात होतं. ते त्याच संध्याकाळी काकांकडे गेले. मला साक्षीदार म्हणून नेलं.

काका आरामखुर्चीत होते. काकूंनी चहा टाकला.

"काका," बाबा जरा मोठ्याने म्हणाले, "पडदा ओढायचं तुमच्याकडे दिलं तर?"

"माझा खांदा दुखतो."

"रंगभूषा?"

"मी काय लोकांच्या गालांना हात लावत फिरू?"

"प्रसादाचं बघाल?"

"मला मधुमेह आहे. सांगितलं होतं तुला."

"पाहुण्यांचं स्वागत. फाटकात उभं राहायचं, हार घालायचे."

"फाटकात. म्हणजे विंगेतून काढून थेट फाटकापर्यंत आणलास."

काकांनी एकेक नकार दिला की बाबांच्या चेहऱ्यावर शांती पसरायची आणि ते माझ्याकडे बघायचे. मी मान हलवून नोंद घेतल्याचं दाखवायचे. ध्वनिक्षेपक, फुलांची सजावट, बाल गटाची चित्रकला, सगळं देऊन झालं. शेवटी काका म्हणाले, "हे काय चाललंय? तू मला काही विकतोयस का?"

काकू कप उचलत म्हणाल्या, "घेऊन टाका काहीतरी. तेवढाच त्याचा कोटा पूर्ण होईल."

काकांनी काही घेतलं नाही. बाबा परतताना स्कूटरवर शीळ घालत होते.

घरी मात्र जगणं अवघड झालं. आपण मराठी माणसं दिवसभर किती मरतो आणि मारतो हे मला तोवर कळलं नव्हतं. बाबांनी घरात अशा बोलण्याला मनाई केली. आईने फोनवर म्हटलं, "अहो, कामाने जीव गेला नुसता," तर बाबा पेपरामागून "हं" करायचे. दूधवाला उशिरा आला आणि मी "मेला कुठे तडफडला" म्हटलं, तर त्यांनी खिडकी लावून घेतली. गॅस संपला, "मरू दे, उद्या बघू," आई म्हणाली, आणि बाबांनी अत्यंत गंभीरपणे दुरुस्ती केली, "असू दे, उद्या बघू."

"हे असंच चाललं तर मी," आई म्हणाली आणि थांबली. "मी सांगलीला जाईन."

सकाळी ऑफिसला जाताना बाबा वाट वाकडी करून काकांच्या घरावरून जायचे. कधी पेपर मागायला, कधी डबा परत करायला, कधी "सहज". काका गॅलरीत दिसले की स्कूटर न थांबवता पुढे. काका बाबांशी बोलत नव्हते, पण रोज त्या वेळेला गॅलरीत मात्र असायचे.

माझं वेगळंच बिनसलं होतं. वकीलसाहेबांचं ऐकून माझा संताप झाला होता. एके दिवशी अंगणात त्यांना गाठून मी म्हटलं, "अंकल, मग तर प्रत्येक सासू सुटेल. कायदा सासूच्या बाजूचा आहे."

"कानून सबूत की तरफ़ है, बेटा. तुम्हारे नाटक में सास ने किया क्या?"

मी संहिता आणून वाचली, हिंदीत सांगत. सासू पहिल्यांदा येते, आमटीत मीठ कमी आहे म्हणते, जाते. दुसऱ्यांदा येते, माझा मुलगा लाखात एक म्हणते, जाते. तिसऱ्यांदा ती थेट पिंजऱ्यात असते. बाकीचा वेळ इतर पात्रं समाजाविषयी बोलत असतात.

वकीलसाहेबांनी डोळे मिटून ऐकलं. "नमक कम है. बेटा, इतने पर तो मेरी माँ उम्र भर अंदर रहती."

"पण लग्नाला सात वर्षं झालेली नसतील तर कोर्ट गृहीत धरतं ना? आम्हाला शिकवलंय."

"मान सकती है. मानना ज़रूरी नहीं. और पहले ज़ुल्म साबित करो. तुमने तो सास को कुछ करने का मौका ही नहीं दिया. सारा काम भाषण ने कर लिया."

मी तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. खालून गेले तरी मान फिरवून. ते आपले "राम राम, वकीलनी जी" म्हणायचे. चौथ्या दिवशी मी भाषणं काढली आणि सासूला कामाला लावलं. ती सुनेला माहेरी फोन करू देत नाही. आजारी पडली तर डॉक्टरकडे नेत नाही. रोज सकाळी, न चिडता, भाजी निवडता निवडता तिला सांगते की तू नसलीस तर घराला सुटल्यासारखं होईल. आणि शेवटच्या सकाळी सून माहेरी जायला निघते तेव्हा दार बंद करून तिला सांगते की आता तुला एकच रस्ता आहे. शेजारीण हे ऐकते आणि कोर्टात येऊन सांगते. लिहून झाल्यावर मी ते परत वाचलं. मिठापेक्षा हे फार वाईट होतं, आणि यात आवाज चढवलेलं एकही वाक्य नव्हतं.

सासूचं काम काकूंकडे होतं. त्यांनी नवी पानं वाचली आणि म्हणाल्या, "अगं, आधी मी चांगली होते की."

"काकू, जमेल ना?"

"न जमायला काय झालं. घरी यांच्यावर सराव करते."

गणपती आठवड्यावर आले असताना एका सकाळी बाबांना गॅलरीत काका दिसले नाहीत. ते वर गेले तर दाराला कुलूप. फोन लावला, आत वाजत राहिला. शेजारी म्हणाले, पहाटेच कुठेतरी गेले, सांगून नाही गेले. बाबांनी ऑफिसला रजा कळवली आणि आम्हाला बोलावलं. आम्ही पोचलो तेव्हा ते काकांच्या पायरीवर बसले होते, टाय सैल केलेला, हेल्मेट मांडीवर.

"मी प्रॉम्प्टिंग परत देतो," ते म्हणाले. "आत्ता आले तर आत्ता देतो."

"बाबा, असं नाही करता येणार. मग जो धमकी देईल तो जिंकेल."

"जिंकू दे."

"हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्व तुझं, नाव माझं," बाबा म्हणाले. "आणि माणूस तर दोघांचाही आहे." हेल्मेटची पट्टी लावत होते, काढत होते. ते कलमाला घाबरलेले नाहीत, हे मला तेव्हा दिसलं. आई माझ्याकडे अशा नजरेने बघत होती की मी पायरीवरच एका टोकाला बसले.

दुपार व्हायला आली तेव्हा कोपऱ्यावर ऑटो थांबला आणि त्यातून काका, काकू आणि एक पोतं उतरलं. काकांचे रेल्वेतले जुने सोबती जयपूरबाहेर चाकसूला शेती करायचे. त्यांच्याकडून काकड्या आणल्या होत्या. पहाटेची बस गाठायची म्हणून कोणाला सांगायचं राहिलं.

बाबा उठून उभे राहिले आणि परत बसले.

"हा इथे काय करतोय?" काका म्हणाले. "ऑफिस जळालं का?"

काकूंनी कुलूप उघडलं. सगळे आत गेलो. आईने काकांच्या समोर खुर्ची ओढली, त्यांच्या इतकी जवळ की गुडघे लागावेत, आणि सरळ विचारलं, "काका, खरंच मरावंसं वाटतं का तुम्हाला?"

आईचा हा आवाज मी लहानपणी संघटनेच्या खोलीत ऐकला होता. त्या खोलीत बायका यायच्या, आणि पत्रकांवरची अक्षरं कितीही मोठी असली तरी आई त्यांच्याशी असंच बोलायची. चढवून नाही, घाबरून नाही. वेळ काय झाली विचारावी तसं.

काकांनी आईकडे नीट बघितलं. मग म्हणाले, "नाही गं. तसं नाही." बाबांकडे बोट दाखवत म्हणाले, "पण तू विचारलंस हे बरं केलंस. हा तर मला रोज गॅलरीत मोजून जातो."

"मग झालंय काय?"

त्यांनी खिडकीकडे बघितलं. "मला ऐकू येत नाही. तुझं तोंड समोर आहे म्हणून कळतंय. विंगेत उभं राहून नट बोलला की नाही, हे मला समजत नाही. तो विसरला असेल, मंचावर उभा असेल, लोक बघत असतील, असं वाटून मीच बोलून टाकतो. माझा आवाज केवढा येतो तेही मला ठाऊक नाही."

"आणि मी इथे सासूची वाक्यं घोकतेय," काकू म्हणाल्या. "पाठीमागे उभी राहून काय काय वाईट बोलले यांना. मला वाटलं, माझा अभिनय पडतोय."

बाबा म्हणाले, "काका, प्रॉम्प्टिंग तुमचंच. मी सांगतो सगळ्यांना."

"नको," काका म्हणाले. "मला काढलंस याचा राग नव्हता. आराम करा म्हणालास त्याचा होता. ऐकू येत नाही तर मी तिथे उभा राहून काय करू?" मग त्यांना काहीतरी आठवलं. "पण तू एवढा का घाबरला होतास?"

आईने सांगितलं. वकील, कलम, पर्याय, साक्षीदार, सगळं. काकांचा चेहरा उजळत गेला.

"दहा वर्षं?" ते कौतुकाने म्हणाले. "माझ्यासाठी?"

"पर्यंत," मी म्हटलं. "दहा वर्षांपर्यंत. आणि सिद्ध झालं तर. इरादा, प्रत्यक्ष कृती आणि..."

"तुझी ही मुलगी," काका बाबांना म्हणाले, "माझ्यापेक्षा मोठ्याने बोलते."

नाटक झालं. काका पहिल्या रांगेत बसले, आई त्यांच्या शेजारी. त्यांना संहिता पाठ होती, आणि सवय कुठे जाते. त्यांनी श्वास घेतला की आई त्यांच्या तोंडात काकडीची फोड घालायची. पेढा चालला नसता, आणि काकड्या पोतंभर होत्या. पहिला अंक जयपूरच्या मराठी माणसांनी प्रथमच एकेरी ऐकला. जरा गोंधळलेच ते. एका आजोबांनी मागून विचारलं, "आवाज का येत नाही?"

काकूंनी सासू अशी केली की मध्यंतरात दोन सुनांनी आपापल्या सासूबाईंना चहा आणून दिला नाही. काकू पिंजऱ्यात उभ्या राहिल्या तेव्हा सभागृहात चमचाही वाजला नाही.

निकाल द्यायला न्यायाधीश उभी राहिली. बारावीतली मुलगी, डॉक्टरांची. दोन पानं मी तिच्यासाठी सोपी केली होती, तरी दोन पानंच होती. ती उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांतून सगळा मजकूर पुसला गेला. विंगेतून बँकेतला तो मुलगा कुजबुजला. फारच सभ्यपणे कुजबुजला. तिला ऐकू गेलं नाही. तो परत कुजबुजला. मी पडद्यामागे उभी राहून माझं वाक्य मनात ओरडत होते. पहिल्या रांगेत काका खुर्चीच्या कडेला आले होते, तोंडात काकडी, डोळे तिच्यावर.

"मतलब," न्यायाधीश म्हणाली. मग तिने काकूंकडे बघितलं, शेजारणीचं काम करणाऱ्या बाईंकडे बघितलं, आणि म्हणाली, "दार हिने बंद केलं. दुसरा रस्ता नाही असं हिनेच सांगितलं. ते ऐकलेली बाई इथे बसलीय. मग अजून काय पाहिजे? दोषी."

आणि खाली बसली.

समाजाला उद्देशून असलेलं सगळं राहून गेलं. टाळ्या खूप वाजल्या. शेवटच्या रांगेतून आमचे वकीलसाहेब आले. त्यांना मराठी निम्मंच कळलं होतं. "जजमेंट छोटा है," मला म्हणाले, "मगर अपील में टिकेगा." काका आले. त्यांनी काकडी गिळली आणि म्हणाले, "दोन पानं गाळली त्या पोरीने. मी असतो तर गाळू दिली नसती." मग म्हणाले, "बरं झालं नव्हतो."

विसर्जनानंतरच्या सोमवारी बाबा काकांना सी-स्कीम भागातल्या कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. आईला काकांनी तसा शब्द दिला होता. मी कॉलेज बुडवून मागून गेले, कारण काका आयत्या वेळी पळून जातील अशी काकूंना खात्री होती. दवाखान्यात गर्दी होती. कंपाउंडरने काकांचं वय विचारलं, ते बाबांनी सांगितलं. मग त्याने विचारलं, "आप इनके कौन? बेटे?"

बाबांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. आपण काकांचे नेमके कोण, याचा ते विचार करायला लागले. कंपाउंडरचा चेहरा काकांच्या समोरच होता, त्यामुळे प्रश्न त्यांना स्पष्ट कळला होता.

"ये?" काका आख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "ये मेरे मुल्ज़िम हैं."

कंपाउंडरने या आरोपीकडे एकदा बघितलं आणि आपली खुर्ची थोडी मागे घेतली. बाबा काकांच्या शेजारच्या बाकावर बसले आणि नंबर लागेपर्यंत दोघांनी मिळून कंपाउंडरच्या डोक्यावरचा कानाचा तक्ता वाचला.